बदलापूर वाढले, रूळ तेवढेच राहिले

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या मात्र घटली. लालबाग-परळमध्ये घर परवडेनासे झाले, म्हणून अनेक कुटुंबे इकडे आली, पण नोकऱ्या तिकडेच राहिल्या आणि या वाढीचा भार लोकलवर पडला.

गाड्या वाढवा ही आम्हा प्रवाशांची मागणी रास्तच आहे, परंतु त्या चालवायच्या कुठून? कल्याणपर्यंत धीम्या आणि जलद लोकलसाठी स्वतंत्र मार्गिका आहेत; तिथे कसारा आणि कर्जत असे दोन फाटे फुटले की कर्जतच्या बाजूला अप आणि डाउन या दोनच मार्गिका उरतात, आणि लोकल, पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस व मालगाड्या या सगळ्यांना त्यांवरूनच वाट काढावी लागते. एखादी एक्स्प्रेस रखडली की मागची लोकल थांबते आणि बदलापूरच्या फलाटावर दोन गाड्यांची गर्दी साचते. अंबरनाथचे कित्येक प्रवासी तर डाउन लोकलने उलटे बदलापूरला येतात आणि तीच गाडी परत निघते तेव्हा बसून जातात. बदलापूरकरांना त्यामुळे सुरुवातीच्या स्थानकातही बसायला मिळत नाही आणि सकाळी सकाळी डब्यात भांडणे होतात. दोघांचाही दोष नाही, असे मला मनापासून वाटते.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात २०१९ मध्ये मंजूर झाली. अंतर जेमतेम १४ किलोमीटर. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिकाही अशीच वर्षानुवर्षे रखडून अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. इमारतीचा ताबा तीन-चार वर्षांत मिळतो, रुळांसाठी मात्र भूसंपादनापासून पुलांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काम अडते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर स्वयंचलित दरवाजांची चर्चा झाली. दरवाजे जरूर बसवावेत, पण आत जागाच नसेल तर ते बंद होणार कसे?

वांगणी, शेलू, नेरळ इथेही आता टॉवर उभे राहत आहेत. त्यांना बांधकाम परवानगी देताना या मार्गावर किती प्रवासी वाढतील आणि ते कोणत्या गाडीने जातील याचा हिशेब रेल्वेकडून लेखी घेतला जावा, आणि मार्गिकांसाठी लागणारी जमीन घरे उभी राहण्याआधीच राखून ठेवावी.