तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीच्या तासाला मराठी का बोलते

पालकसभेत विचारतात, भेटीला आलेले साहेब विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी तर आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत विचारतात. "बाई, इंग्रजी शिकवण्यावर पीएचडी केलात मां, मगे तासाक मराठी कित्याक?" मी दरवेळी "पोरांना कळावं म्हणून" असं काहीतरी बोलते आणि विषय मोदकांवर नेते. यंदा तीन ठिकाणी तोच प्रश्न आला, त्यातल्या एका ठिकाणी तर "तुम्हालाच येत नसेल म्हणून" असंही कुणीतरी हळूच म्हणालं, ते मला ऐकू आलं. तर आता लिहूनच टाकते.

आधी एक सांगते. "धिस म्हणजे हा, इज म्हणजे आहे, बॉय म्हणजे मुलगा" असं पस्तीस मिनिटं चाललेलं असतं ते मी करत नाही, त्याची बाजूही मी घेणार नाही. त्यात पोरं अख्खा तास मराठी ऐकतात आणि शेवटी फळ्यावरचं उतरवून घेतात. मी तेही केलंय, सातव्या तासाला, जूनच्या उकाड्यात, घसा बसलेला असताना. पण त्याला मी पद्धत म्हणत नाही.

माझी पद्धत एकेकाळी बरोब्बर उलटी होती. २००६-०७ ची गोष्ट. देवगड तालुक्यातली शाळा, सहावीचा वर्ग. २००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ना, त्यातली ही दुसरी बॅच. मी घाटावरून आलेली, नोकरीला दोन वर्षं झालेली, डोक्यात प्रशिक्षणाचं वारं भरलेलं. प्रशिक्षणात आम्हाला भाषाशाळा चालवणाऱ्या बर्लिट्झची गोष्ट सांगितली होती. १८७८ साल, अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स शहर, बर्लिट्झने फ्रेंच शिकवायला जोली नावाचा मदतनीस पत्रव्यवहारावर ठेवला आणि तो आल्यावर कळलं की ह्या माणसाला इंग्रजीचा गंधच नाही. बर्लिट्झ स्वतः आजारी, इलाज नाही, म्हणून त्यालाच वर्गावर पाठवला, काही आठवड्यांनी येऊन बघतो तर वर्ग फ्रेंचमध्ये बोलतोय. झालं. तेव्हापासून जगभर 'फक्त शिकायची भाषाच बोला' हा मंत्र, आणि मीही तो घेऊन वर्गात.

मी काय केलं, तर प्रत्येक रांगेला बिस्किटांचा एकेक पत्र्याचा डबा दिला. इंग्रजीच्या तासाला ज्याच्या तोंडातून मराठी शब्द गेला त्याच्या रांगेच्या डब्यात एक खडा. शनिवारी मोजणी. ज्यांचे खडे कमी त्यांना टाळ्या. खडे आणायचं काम मी मच्छीमार वाडीतल्या एका मुलाला दिलं होतं, तो किनाऱ्यावरून काळे गुळगुळीत खडे चड्डीच्या खिशात भरून आणायचा, खिसा ओला. पहिल्या आठवड्यात डबे जड होते, दोन-अडीच महिन्यांत तळ दिसायला लागला. त्यावर मी कृतिसंशोधन लिहिलं, आलेख काढला, रेघ कशी मस्त खाली आलेली, जिल्ह्याला नंबर आला. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे.

आता तो तास. माशांचा तक्ता मिळाला नाही म्हणून मी एका जुन्या कॅलेंडरवरचं माशाचं चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. मी शाकाहारी घरातली, मला मासा म्हणजे मासा. रुंद, चपटा, शेपटी कात्रीसारखी, म्हटलं पापलेट. संशोधनासाठी तास रेकॉर्ड करायचे होते म्हणून शाळेचा टेपरेकॉर्डर तिसऱ्या बाकावर ठेवलेला. त्या बाकावर तो खडेवाला मुलगा बसायचा, हा निव्वळ योगायोग.

ती कॅसेट मी आठ वर्षांनी, पीएचडीच्या कामाला लागल्यावर, कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणून पुन्हा लावली. त्यात आहे ते असं. मी विचारते, व्हॉट इज धिस? सगळे म्हणतात, फिश! मी म्हणते, येस, धिस इज अ पॉम्फ्रेट. सगळे, पॉम्फ्रेट. मग बाक सरकल्याचा आवाज, हा उभा राहिलाय. "बाई, ता..." आणि मी लगेच, "इन इंग्लिश, प्लीज." मग काहीच नाही. लाटेचा असतो तसा टेपचा सूं आवाज. मग तो म्हणतो, "फिश... नो." मी म्हणते, "नो फिश?" आणि वर्ग हसतो. मीपण हसलेय, ऐकू येतं. तो बसतो. आणि मग, माइक अगदी त्याच्या तोंडाशी असल्यामुळे, शेजारच्याला कुजबुजलेलं स्पष्ट येतं, "पापलेट न्हय रे ता, हलवो तो." पुढच्या क्षणी मागून कोणीतरी ओरडतं, "बाई, मराठी!" आणि टण्ण. खडा.

मी ते पहिल्यांदाही ऐकलं होतं हो. २००७ मध्ये. हेडफोन लावून, वही घेऊन, आणि त्या कुजबुजीसमोर रकान्यात फुली मारली होती, 'मराठीचा वापर, १'. ती वही सापडली. फुली माझीच, हिरव्या पेनाची.

त्या सबंध तासात माशाबद्दल काहीतरी खरं माहीत असलेलं एकच वाक्य बोललं गेलं आणि ते मी चुकांमध्ये मोजलं. तो मुलगा वर्षभर त्यानंतर इंग्रजीच्या तासाला उभा राहिला नाही. उभा केला तर राहायचा. त्याच्या रांगेचा डबा हळूहळू रिकामा होत गेला आणि माझा आलेख सुधारत गेला. मराठी कमी झाली हे मी मोजलं होतं. इंग्रजी वाढली का, हे मोजायचं मला सुचलंच नाही. मराठी गेली म्हणजे तिच्या जागी इंग्रजीच आली असणार, दुसरं काय येणार! आलं होतं ते गप्प बसणं, आणि त्याला खडा पडत नाही.

मग मी मोबाईलवर सेकंद मोजत बसले. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी विज्ञानाच्या तासांच्या टेपा ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं. "इन इंग्लिश, प्लीज"नंतर मी त्याला चार सेकंद दिले होते. म्हणजे नियमात बसत होतं. पण चार सेकंदांत त्याने 'हलवो'ला इंग्रजी शब्द कुठून आणायचा होता?

आणि गंमत पुढेच आहे. हलव्याला इंग्रजीत म्हणतात ब्लॅक पॉम्फ्रेट. म्हणजे इंग्रजीच्या हिशोबाने मी अगदीच चुकले नव्हते! पण हलवा खऱ्या पापलेटच्या जातीतला नाहीच, तो बांगड्याच्या... नाही, थांबा, मीच परत चुकतेय, बांगडा वेगळा, तो पडतो ज्या माशांना इंग्रजीत जॅक म्हणतात, त्यांच्या कुळात. त्याच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना खरखरीत कडक खवल्यांची रेघ असते, पापलेटला ती नसते, बोट फिरवलं की कळतं. हे मला आता कळतं, त्याला तेव्हा कळत होतं. इंग्रजी दोघांना एकाच नावात घालते, आमची वाडी घालत नाही. वर्षातला सगळ्यात भारी तास झाला असता तो. मी त्यात एक खडा टाकला.

तुम्ही म्हणाल एका माशावरून एवढं? तेव्हाची मीही हेच म्हणते. ती माझ्याशी भांडते अधूनमधून. म्हणते, अगं पण मराठी मिळाली की इंग्रजीला हात कोण लावेल? या गावात तास संपला की इंग्रजी संपली, घरी नाही, दुकानात नाही, जेटीवर नाही, ही परकी भाषा आहे, जे काही कानावर पडायचं ते तुझ्याच तोंडून, आणि तू तेही कमी करतेस? याला माझ्याकडे ठोस उत्तर नाही. ती बरोबर आहे. मी अख्खा तास इंग्रजी बोलले असते तर तेवढी इंग्रजी जास्त कानावर पडली असती, हे काय नाकारायचं.

फक्त मी तिला जोलीची आठवण करून देते. जोलीला इंग्रजी येतच नव्हतं. त्याचे विद्यार्थी फी भरून स्वतःहून फ्रेंच शिकायला आलेले. मला मराठी येते हे सहावीतल्या पोराला माहीत असतं, मधल्या सुट्टीत मी त्याच्याशी मराठीतच बोलते, आणि घंटा झाली की बाईंना अचानक मराठी कळेनाशी होते. तो जोली नव्हे, ते नाटक झालं, आणि त्या नाटकात पोराला एकच कळतं की तुझं बोलणं इथे चालत नाही.

बाकी हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. १९६१ मध्ये युगांडात मकेरेरेला इंग्रजी शिकवण्यावर मोठी परिषद झाली. तिथल्या विचारातली पाच तत्त्वं रॉबर्ट फिलिप्सन या भाषेच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये एकत्र मांडली आणि पाचही भ्रम आहेत म्हणून सांगितलं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, शिक्षक शक्यतो जन्मापासून इंग्रजी बोलणारा, म्हणजे गोरा साहेबच असावा, जितकं लवकर तितकं बरं, जितकी जास्त इंग्रजी तितकं बरं, दुसरी भाषा वापरली की इंग्रजीचा दर्जा घसरतो. आता सांगा, यातलं गोऱ्या साहेबाचं सोडलं तर आमच्या पालकसभेत न ऐकलेलं कोणतं आहे? 'लवकर'बद्दल तर बार्सिलोनात वर्षानुवर्षं मुलांना तपासलं, तासांची संख्या सारखी ठेवली तर उशिरा सुरू केलेली मोठी मुलंच पुढे निघाली, निदान परकी भाषा फक्त शाळेत भेटते तिथे तरी. हे मी एकदा सभेत सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, बार्सिलोना खंय आणि आम्ही खंय. मुद्दा आहे.

आणि जवळचं हवं असेल तर पोंभुर्ले घ्या, आपल्याच तालुक्यातलं. तिथल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', १८३२. मराठी आणि इंग्रजी, दोन रकाने शेजारी शेजारी. कोणी डब्यात खडा टाकला नाही.

आता मी काय करते ते सांगते, कारण मूळ प्रश्न तोच होता. कोकण रेल्वेचं वेळापत्रक देते चौघाचौघांत. तुतारी एक्सप्रेस चुकली, उद्या सकाळी दादरला पोचायचंय, कणकवलीहून काय मिळेल? पावसाळी वेळापत्रक वेगळं, ते दिलं की वाद पेटतो. वाद मालवणीत होतो, होऊ दे. उत्तर मात्र मला इंग्रजीत सांगायचं, मोडकंतोडकं चालेल, आणि अडलेला शब्द मराठीत विचारायचा, मी इंग्रजी देते. एन. एस. प्रभू या इंग्रजी शिकवण्याच्या अभ्यासकांनी बंगळूरला १९७९ ते ८४ मध्ये साध्या शाळांमधून नकाशे, वेळापत्रकं अशाच कामांवर इंग्रजी शिकवून पाहिली होती, ते माझ्या डोक्यात असतं. सगळ्यांना येते का इंग्रजी? नाही. दोन पोरं फक्त मालवणीत भांडतात आणि तिसऱ्याचं उत्तर ढापतात. हा प्रश्न मला सुटलेला नाही.

तो मुलगा मध्ये जेटीवर भेटला. आता बोटीवर जातो. मी फार तयारी करून माशाची गोष्ट काढली. त्याला ती आठवत नव्हती. खडे आठवत होते. "मी आणूचंय ते," म्हणाला, आणि जरा खूश होऊनच, "बाई, तुमी मोजून घेयचात." मग लिलाव सुरू झाला, तो गेला.

आणि गेल्या महिन्यातलं सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार धीट आहे. तपासणीला साहेब आले. इंग्रजीचाच तास. माझ्या तोंडून गुड मॉर्निंगपासून पुढे सगळं इंग्रजी सुरू झालं, मी ठरवलंही नव्हतं. वेळापत्रकाचे कागद खणात. पंचवीस मिनिटं पोरं हाताची घडी घालून सरळ बसली, एकाने पाणी प्यायची परवानगी मागितली तीही "मे आय" करून. साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं, 'वर्गात इंग्रजीचे वातावरण उत्तम आहे.' मी वाचलं आणि खाली सही केली.