पंच्याहत्तर टक्क्यांचे मीठ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पडवीतल्या यंत्राने हवेची आर्द्रता ९९.९ टक्के दाखवली आणि त्यानंतर सलग नऊ दिवस तो आकडा जागचा हलला नाही. गुहागरसारख्या गावात, समुद्र आणि घर यांच्यामध्ये जेमतेम एक नारळी-पोफळींचे आगर असताना, पावसाळ्यात हवा दमट असते हे सांगायला यंत्र कशाला हवे, असे कोणीही विचारील. आमच्या घरात ते सर्वांनी विचारून झाले आहे. परंतु छंदाचा हिशेब गरजेच्या वहीत मांडायला गेले की तो नेहमीच तोट्यात निघतो, आणि पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासण्याचेच काम करीत असल्यामुळे ती वही मी मुद्दाम उघडत नाही.

यंत्र म्हणजे फार मोठे काही नव्हे. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची एक पांढरी जाळीदार डबी, जिला डीएचटी-२२ असे रुक्ष नाव आहे, तीन तारांनी एका चिंचोळ्या पट्टीला जोडलेली आहे. त्या पट्टीवर वायफायने बोलणारी ईएसपी-८२६६ ही चिप बसवलेली असते. दर पाच मिनिटांनी ती पट्टी तापमान आणि आर्द्रता मोजून माजघरातल्या कपाटावर ठेवलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाकडे पाठवते आणि तो त्यांची नोंद ठेवतो. पट्टीला हे सारे शिकवण्यासाठी मी आर्डुइनोची प्रणाली वापरतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या त्या प्रकल्पाने माझ्यासारख्या अभियांत्रिकीच्या वाटेला कधी न गेलेल्या माणसाच्या हातात झाळण्याची कावीय, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, दिली, आणि त्या कावीयेने आमच्या जेवणाच्या टेबलावर कायमचे तीन डाग पाडले.

आमच्याकडे अशा वस्तूंचा खरा वैरी पाऊस नसून खारा वारा आहे. पावसापासून छप्पर वाचवते. लाटा फुटताना जे बुडबुडे फुटतात त्यांतून उडालेले अगदी बारीक थेंब मात्र वाऱ्याबरोबर आगर ओलांडून घरात येतात, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. यापूर्वी आमच्या घरात टॉर्चची स्प्रिंग, दारावरच्या घंटेचे बटण आणि एका लॅपटॉपची चार्जिंगची पिन याच कारणाने गेली. पिनेवर धरलेला हिरवट कळंक मी जुन्या ब्रशने खरवडून काढला, तेव्हा तो न घासलेल्या पूजेच्या ताम्हणावर धरतो तसाच दिसत होता.

हे मीठ नेमके काय करते ते समजायला मला बराच काळ लागला. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडे राहते आणि त्याच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. समुद्राचे मीठ मात्र शुद्ध नसते. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला पाणी ओढायला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. आमच्या किनाऱ्यावर हवा एवढी कोरडी क्वचितच होते. म्हणजे यंत्राच्या पट्टीवर बसलेला खार वर्षातला बहुतेक काळ ओलसरच असतो. तांब्याच्या दोन रेघांमध्ये असा खारट ओलावा पसरला आणि त्यातून वीज वाहू लागली, की तांबे एका रेघेवरून सुटून दुसरीकडे जायला लागते आणि एक दिवस दोन्ही रेघा मधल्या मध्ये एकमेकींना भेटतात.

याला बाजारात उपाय म्हणून खास रोगण मिळते. छंदिष्टांमध्ये मात्र पारदर्शक नेलपॉलिशचा उपाय लोकप्रिय आहे. ते मी पुतणीकडून मागून घेतले, तेव्हा तिने शेजारी बसून सर्व काम तपासले आणि, "काका, दुसरा हात द्यायच्या आधी पहिला वाळू दे," असे दोनदा बजावले. डबीच्या जाळीवर मी आधी चिकटपट्टी लावून घेतली होती, कारण आर्द्रता मोजणाऱ्या भागाला असल्या द्रवांच्या वाफा सोसत नाहीत.

विजेचा प्रश्न निराळा होता. एका झडीच्या रात्री वीज गेली ती पहाटे आली, इंटरनेट मात्र दुपारपर्यंत आले नाही. माझ्या जुन्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेटवरून वेळ कळली नाही, तर तो शेवटची जपून ठेवलेली वेळ घेऊन तिथून पुढे मोजू लागतो. परिणामी सकाळी सातच्या नोंदी रात्री सव्वाअकराच्या म्हणून लिहिल्या गेल्या आणि मधली अख्खी रात्र वहीतून नाहीशी झाली. हिशेबनिसाला हे पाहवत नाही. मी डीएस-३२३१ हे चिमुकले घड्याळ मागवून बसवले. ते नाण्याएवढ्या सेलवर चालते आणि वर्षाला फार तर मिनिटभर चुकते. सेलच्या खाचेत पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवले आणि तो विषय मिटला.

आता ९९.९ कडे येतो. पहिले दोन दिवस मला त्याचे कौतुकच वाटले. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तिथे आकडा शंभराला टेकला तर बिघडले कुठे, असे मी सर्वांना ऐकवत होतो. सहाव्या दिवशी दुपारी तासदीड तास उघडीप मिळाली, आईने दोरीवर टॉवेल टाकला आणि चार वाजता तो आत आणताना ती म्हणाली, "अरे, हा वाळला की! तुझं यंत्र काय म्हणतंय?" यंत्र ९९.९ म्हणत होते.

शंभर टक्के आर्द्रतेत टॉवेल वाळत नाही, कारण त्यातले पाणी घ्यायला हवेत जागाच उरलेली नसते. शिवाय दुपारी तापमान दोन अंशांनी वाढले तरी आर्द्रतेचा आकडा खाली यायलाच हवा. पाण्याची वाफ तेवढीच राहते, पण तापलेल्या हवेची ती सामावून घेण्याची ताकद वाढते. आलेखात तापमानाची रेघ रोज दुपारी टेकडीसारखी चढत होती आणि तिच्या शेजारी आर्द्रतेची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती. ज्या खतावणीत रोज नेमकी तीच शिल्लक दिसते ती खतावणी खोटी असते, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आहे आणि स्वतःच्या पडवीत ते मला नऊ दिवस दिसले नाही.

दोष कुणाचा म्हणावा? त्या डबीत एक पातळ थर असतो. तो हवेतले पाणी शोषतो, त्यामुळे त्याची वीज साठवण्याची क्षमता बदलते आणि त्या बदलावरून आकडा काढला जातो. दिवसेंदिवस तो थर भिजत राहिला की घेतलेले पाणी तो पुरते सोडत नाही, आणि मग मोजमाप वरच अडकते. माहितीपत्रकात यावर दोन पायऱ्यांचा इलाज दिलेला आहे. पहिली पायरी अशी, की डबी ५० ते ६० अंश तापमानात आणि १० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत दोन तास ठेवावी. दुसरी पायरी अशी, की त्यानंतर ती २० ते ३० अंशांत आणि ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत पाच तास ठेवावी. दुसरी पायरी वाचून मी एकटाच हसलो, कारण तिच्यासाठी डबी पडवीत परत नेऊन ठेवण्यापलीकडे काहीच करायचे नव्हते. पहिलीसाठी मात्र कोकणात जुलै महिन्यात दहा टक्के आर्द्रता शोधायची होती.

बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घेऊन मी त्यात झिरोचा बल्ब बसवायचे ठरवले. बाजारपेठेतल्या दुकानदाराने एलईडी पुढे केला आणि मला उष्णता देणाराच बल्ब हवा आहे हे ऐकल्यावर, "हे आता कोण विचारत नाही," असे म्हणत मागच्या फळीवरून धुळीने माखलेले खोके काढले. या बल्बाचे नाव शून्य असले तरी त्याचा खप शून्य नसतो. माझ्या वीज मोजणाऱ्या प्लगवर तो १४ वॉट भरला. त्याने डबा ४१ अंशांपर्यंत नेला आणि तिथेच तो थकला. अखेर माळ्यावर कोंबडीच्या पिल्लांसाठी ठेवलेला ४० वॉटचा बल्ब सापडला आणि स्वयंपाकघरातल्या तापमापकाचा काटा ५५ वर आला.

आर्द्रतेसाठी आजारी डबीचीच साक्ष घेणे बरोबर नव्हते, म्हणून मी कागदावर गणित केले. २७ अंशांची, नव्वद टक्के आर्द्रतेची आपली रोजची हवा ५५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. केवळ तापवून एवढे साधते याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. पूर्वी सोले आणि सुकी मासळी चुलीवरच्या फळीवर का ठेवत असत, त्याचे उत्तर त्या एका ओळीत होते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या कामी आल्या. त्या फोडून खडे एका फुटक्या कढईत, जिच्यात पुन्हा कधी काही शिजणार नाही अशा कढईत, तापवून कोरडे केले आणि वाटीत घालून डब्यात ठेवले. (फोन पाण्यात पडला की तांदळात ठेवणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: आपल्याकडे पावसाळ्यात तांदूळच दमट असतो, आणि ॲपलनेही २०२४ मध्ये फोन तांदळात ठेवू नका असेच सांगितले आहे, तांदळाचे बारीक कण आत जातात ते वेगळेच.)

दोन तासांनी डबी बाहेर काढली, पाच तास पडवीत ठेवली आणि रात्री जोडली. आकडा ९५ आला. पहाटे तो ९७ झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ८६ पर्यंत उतरला. रेघ हलू लागली होती. पण हलणारी रेघ खरी असतेच असे नाही, आणि ती पडताळायची कशाशी, हा प्रश्न राहिलाच. हवामान खात्याच्या वेधशाळा उत्तरेला हर्णैला आणि दक्षिणेला रत्नागिरीला आहेत. त्यांच्या आकड्यांवरून माझ्या पडवीचा हिशेब मिटला नसता.

इथे मीठ पुन्हा आले, या वेळी माझ्या बाजूने. बंद बरणीत ओले मीठ ठेवले, तर वरच्या हवेची आर्द्रता काही तासांत ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. जास्त असेल तर मीठ पाणी ओढून घेते, कमी असेल तर सोडते. आपल्या घरातल्या २५-३० अंशांच्या तापमानात हा आकडा ७५.३ ते ७५.१ एवढाच सरकतो. प्रयोगशाळेतले लोकही उपकरणे याच पद्धतीने तपासतात. अट एकच, मीठ शुद्ध हवे.

"आई, मिठाची बरणी देतेस का जरा?" मी विचारले.

"खडेमीठ आहे त्यात, आणि त्याला मे संपतानाच पाणी सुटलंय," ती म्हणाली. "पाऊस जवळ आला की सुटतंच."

तिचे म्हणणे रास्त होते, आणि त्याच कारणाने तिची बरणी माझ्या उपयोगाची नव्हती. खडेमिठातले मॅग्नेशियम ७५ टक्क्यांची वाट पाहत बसत नाही. मी पुडीतले बारीक मीठ बाटलीच्या झाकणात घेतले आणि ते भिजलेल्या पुळणीसारखे दिसेपर्यंत थेंबथेंब पाणी घातले. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ते झाकण ठेवले, डबी वर टांगली, तारांसाठी पाडलेले भोक मेणाने बुजवले आणि सबंध बरणी टॉवेलात, त्याच टॉवेलात, गुंडाळून कपाटात ठेवली.

बारा तासांनी आकडा ८१.४ होता. आणखी सहा तासांनीही तो ८१.४ होता. खात्री करण्यासाठी एसएचटी-३१ हा दुसरा, थोडा महाग संवेदक मागवला आणि तो त्याच बरणीत सोडला, तेव्हा त्याने ७५.९ दाखवले. म्हणजे मीठ बरोबर होते आणि माझी डबी सहा टक्क्यांनी चढी होती. एका ठिकाणी तपासून सगळी पट्टी सरळ होत नाही, हे मला ठाऊक आहे. खाली ३३ आणि वर ९७ अशा आणखी दोन ठिकाणी वेगळी मिठे घेऊन तपासायला हवे. पण ३३ टक्क्यांची चिंता गुहागरात करायची नाही, एवढा विवेक माझ्याकडे आहे.

त्या रात्री मी पट्टीचा प्रोग्राम उघडला आणि वाचलेल्या आकड्यातून ६.१ वजा करणारी एक ओळ घातली. ही वजाबाकी कुठून आली ते दोन वर्षांनी माझे मलाच आठवणार नाही, म्हणून ओळीच्या शेवटी टीप लिहायची सवय मी ठेवली आहे. दोन तिरप्या रेघांच्या पुढे जे लिहावे ते यंत्र वाचत नाही, ते माणसासाठी असते. तिथे मी तारीख घातली आणि पुढे 'मीठ' असा एकच शब्द लिहिला. आईने सकाळी लोणच्याची बरणी परत मागितली, तिच्या झाकणाला पडलेले भोक पाहिले आणि काहीच न बोलता ती आत घेऊन गेली.