ओठांचे द्वार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असा निरोप आला आणि प्रथम आठवले ते आम्हाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणारे सर, कारण शब्द जपून वापरायचे असतात हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. सर अबोल मुळीच नव्हते. वर्गात ते रंगून शिकवत, पण कोणी प्रश्न विचारला की क्षणभर थांबत आणि मगच बोलत. सकाळच्या उपासनेत ते नेहमी 141 व्या स्तोत्रातली प्रार्थना म्हणत, ‘हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचे द्वार सांभाळ.’

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांनी शिकवला तेव्हा घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे लहानसे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी हे दाखले आम्हा मुलांना लगेच आवडले. सर मात्र थांबले ते नवव्या वचनापाशी. ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो, तिनेच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देतो, असे तेथे म्हटले आहे. जिभेला आवर घालायचा तो सभ्य दिसण्यासाठी नव्हे, तर समोरच्या माणसात देवाचे प्रतिरूप आहे म्हणून, हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी सांगितले.

मला त्याचा अर्थ कळला तो नववीत, आणि तोही चुकल्यावर. वर्गमित्राचे वडील वारले होते. तो शाळेत परतला त्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन, वचने तोंडपाठ असल्याच्या अभिमानात, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातले वचन त्याला ऐकवले. तो काही न बोलता उठून गेला. मधल्या सुट्टीत सर त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि घंटा होईपर्यंत एक शब्दही न बोलता बसून राहिले. मला ते रागावले नाहीत. फक्त बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचून ये, असे म्हणाले.

मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याबरोबर सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून होते, आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून त्यांच्यापैकी कोणी त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही. त्यांनी त्याच्यासाठी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती, असे माझे मत आहे. पुढे ते अध्यायामागून अध्याय बोलत राहतात, आणि अखेरीस 42 व्या अध्यायात परमेश्वर त्यांच्यापैकी अलीफजाला म्हणतो, की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. त्यांची कित्येक वाक्ये सुटी वाचली तर खोटी वाटत नाहीत. पण ती ज्याला ऐकवली, त्याचे त्यांनी ऐकूनच घेतले नव्हते. माझेही वचन खोटे नव्हते. पण त्याच रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ असे सांगतो, आणि ते मी वगळले होते.

गप्प राहणे म्हणजे अन्याय पाहून तोंड मिटून घेणे नव्हे, हेही येथे सांगायला हवे. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी आपले मुख उघड, अशी नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे. रोमी सुभेदार पिलातापुढे स्वतःवरील आरोपांना उत्तर न देणारा येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविरुद्ध मात्र उघडपणे बोलला होता. एका मुलावर चोरीचा खोटा आळ आला, तेव्हा सरांनी सर्वांसमोर, ‘तो त्या वेळी माझ्याजवळ होता,’ एवढे एकच वाक्य उच्चारले. सर उगीच बोलत नाहीत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तेवढे पुरेसे ठरले.

आज मी चर्चच्या मंडळीच्या वतीने आजाऱ्यांना भेटायला जातो. दाराबाहेर उभा राहून सरांची ती प्रार्थना म्हणतो, आणि तरीही कधी कधी जीभ पुढे धावतेच. तसे झाले की परत जाऊन क्षमा मागतो. त्या वर्गमित्राची क्षमा मागायला मात्र मला बरीच वर्षे लागली. माझे सगळे बोलणे त्याने ऐकून घेतले, जरा थांबला आणि म्हणाला, ‘सर बाकावर येऊन बसले होते, ते आठवते.’