आमची वाटचाल : रंगाच्या डब्यापासून एलईडी अक्षरांपर्यंत

एके काळी नाशिकच्या मेन रोडवर नुसत्या अक्षरावरून पाटी कोणत्या पेंटरची ते ओळखता यायचं. आमचं पाट्या रंगवायचं दुकान त्या काळातलं. शिडी, पत्रा आणि गिऱ्हाईक आमच्याकडे, हात भागीदारांचा. काठीवर मनगट टेकवून ते अशी शिरोरेघ ओढत की ब्रश पुन्हा रंगात कुठे बुडवला ते जवळ जाऊनही दिसत नसे.

पत्र्याच्या बोर्डात निम्मं काम अक्षराआधीच असतं. नव्या जस्ती पत्र्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे नेहमीचा लाल अस्तर-रंग, धरत नाही. आधी वॉश प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड देणारा पातळ थर, हवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. मग पॉलिश पेपर, इनॅमलचे दोन हात आणि ओळी आखायला निळीत बुडवलेल्या दोरीचा फटका. अक्षराच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी जागा वर मात्रा-वेलांटीला, तेवढीच खाली उकाराला. एकच मजकूर अनेक भिंतींवर हवा असेल तर खाका : ब्राउन पेपरवर अक्षरं काढून सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. भिंतीला लोणा लागला असेल तर काम घ्यायचंच नाही. कितीही चांगला रंग दिला तरी भिंतीतलं मीठ त्याला बाहेर ढकलतं.

तेव्हाच्या जाहिराती भरपूर बोलायच्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही 1913 च्या आपल्या चित्रपटाची जाहिरात तीन आण्यांत दोन मैल लांबीचं चित्र, अशी केली होती. माल मोजून दाखवायची ती रीत भिंतींवर पुष्कळ वर्षं टिकली. 1967 मध्ये विविध भारतीवर आणि 1976 मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, आणि भिंतीवरचा मजकूर हळूहळू आटला. जाहिरातीची ओळ रेडिओ-टीव्हीमुळे लोकांच्या तोंडी आधीच बसलेली असायची. भिंतीने फक्त नाव आणि रंग दाखवायचा. शब्द कमी झाले तसं अक्षर मोठं झालं, आणि मोठ्या अक्षरात हात लपत नाही.

मग फ्लेक्स आला. 2003 आणि 2015 या दोन सिंहस्थांच्या मधल्या वर्षांत त्याने आमचं काम गिळलं. संध्याकाळी फाइल दिली की सकाळी बॅनर तयार. त्या वेगापुढे ब्रश टिकणार नव्हता, ते मान्य. पण शहरातल्या एका फ्लेक्सवाल्याने केलं ते स्पर्धेत बसत नाही. 280 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) माल 340 चा म्हणून लावून त्याने रेट पाडला. आमच्या भागीदारांनी रंगवलेल्या पाटीचा फोटो काढला, कोरल या संगणकावरच्या चित्र-प्रोग्रॅममध्ये ट्रेस केला आणि त्याच दुकानाला फ्लेक्सवर विकला. अक्षर आमचं, बिल त्याचं. दुकानाचं भाडं थकलं, माणसं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेली. त्या पाटीचा राग आजही आहे.

फ्लेक्सचं दुखणं तेव्हाही सांगत होतो. उन्हात लाल-पिवळा आधी उडतो आणि चेहरे निळे पडतात. कड दुमडून वेल्डिंग न करता आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) ठोकली की वाऱ्यात पहिली फाट तिथूनच जाते. कापड फाटलं तर निभावतं, सांगाडा पडला तर नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळून 17 जण गेले. त्यामुळे सांगाड्याचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय आम्ही होर्डिंगला हात लावत नाही.

आम्ही तगलो ते दिंडोरी रोडवरच्या एका खत-औषधांच्या दुकानदारांमुळे. सगळे फ्लेक्सकडे वळले तेव्हाही ते ओझर ते पिंपळगाव बसवंतच्या भिंती आमच्याकडूनच रंगवून घेत, आणि पैसे द्राक्षाचा हंगाम संपायची वाट न बघता देत. पहिली एलईडी अक्षरंही, म्हणजे आत दिवे बसवलेली डब्यासारखी अक्षरं, त्यांनीच लावून घेतली.

त्या कामात भागीदारांचं अक्षर पुन्हा उभं राहिलं. मराठी शब्द शिरोरेघेने जोडलेला, म्हणजे आतून सलग एकच डबा. वायर आतल्या आत फिरते. अनुस्वार मात्र वेगळा, त्याला स्वतंत्र वायर. इंचापेक्षा बारीक वेलांटीत मॉड्यूल (एलईडी दिव्यांचा लहान तुकडा) बसत नाही, म्हणून ती मुळातच जाड काढावी लागते. तयार फॉन्ट वापरणाऱ्यांची वेलांटी काळी राहते ती यामुळेच. डब्याच्या खोलीपेक्षा मॉड्यूलमधलं अंतर जास्त झालं की समोर ठिपके दिसतात. 12 व्होल्टच्या एसएमपीएसवर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणाऱ्या डबीवर, तिच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त लोड देऊ नये. तळाला पाणी निथळायला भोक ठेवावं. ते सिलिकॉनने बुजवलेली पाटी श्रावणात हमखास बंद पडते.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. पाटी करून घेणाऱ्यांनी इथे एक बघावं. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच फॉन्ट साइज दिला की मराठी लहानच दिसतं, कारण त्या मापात मात्रा आणि उकाराची जागाही धरलेली असते. म्हणून माप शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच घ्यावं, आणि ऑर्डरच्या कागदावर ते इंचात लिहून घ्यावं.