मुका ‘पी’

नववीत विज्ञानाच्या तासाला मी मोठ्याने ‘प्न्यूमोनिया’ वाचलं आणि वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहिला आणि पहिल्या ‘पी’भोवती गोल काढला. म्हणाल्या, “ग्रीक लोक हा प उच्चारायचे. इंग्रजीत तो मुका झाला.” मग खाली ‘ॲप्निया’ लिहिलं, म्हणजे श्वास थांबणं. “बघ, आधी स्वर आला की तोच प बोलायला लागतो.”

‘हेलिकॉप्टर’ हा शब्दही त्याच दिवशी फुटला. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं आणि प्टेरॉन म्हणजे पंख. मी तोवर तो ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडत होते! बुबुळावर पंखासारखा पडदा चढतो त्या टेरिजियममध्येही हाच पंख, फक्त तिथे प पुन्हा मुका.

तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर शब्द फोडायचा नाद लागला. शेवटी ‘आयटिस’ दिसलं की दाह. हेपॅटायटिस यकृताचा, ऱ्हायनायटिस नाकाचा. स्पेलिंग घोकावं लागलंच नाही.

आज मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्या कामात दोन शब्द रोज येतात. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे भाषेत अडथळा. फरक एका ज-झचा. पहिल्यात ग्रीकमधलं ‘खाणं’ आहे, जे भक्षकपेशींच्या ‘फॅगोसाइट’ या नावातही आहे. दुसऱ्यात ‘बोलणं’.

एकदा फोनवर सांगितलेला पहिला शब्द पलीकडे दुसराच ऐकला गेला. पेशंट पक्षाघाताचे. बोलणंच तेवढं अडतंय असं समजून त्यांना पाणी दिलं गेलं. मी पोहोचले तेव्हा पेला अजून हातात होता, ओठांच्या कडेने पाणी ओघळत होतं, ठसका थांबत नव्हता आणि आवाज ओला, घरघरता झाला होता. असं पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोच, फळ्यावरचा. त्या दिवशी थोडक्यात निभावलं.

पेशंटच्या घरच्यांना तर आधी मराठी अर्थच सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे. फोनवर मी आता नुसतं ‘डिस्फेजिया’ म्हणत नाही. “डिस्फेजिया, गिळायला त्रास, तोंडाने काही देऊ नका,” असं म्हणते आणि पलीकडून ते पुन्हा वदवून घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही.