कळलंच नाही

काल आमच्या फिल्मचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून झालेलं, ऐकायला बसलो. खिडकीचा प्रसंग आला आणि माझा पियानोच नाही. नायिका नुसती उभी, पडदा हलतोय, बाकी शांत. चाळीस सेकंद. दादा म्हणाला, "अरे, काढला तो. ताईला तर कळलंसुद्धा नाही."

ताईला कळलं नाही! ताईला! गेल्या वर्षी तिच्या नाचासाठी आठ मिनिटं दोनच स्वरांवर काढली, तेव्हा म्हणाली होती, तू होतास म्हणून माझा श्वास सांभाळला गेला. त्यावर माझं वर्ष निघालं. आणि आता कळलंच नाही. मानधनाचं तर अजून... जाऊ दे.

ते चाळीस सेकंद मी रात्री-रात्री बसून वाजवलेत. खालच्यांची झोपमोड नको म्हणून मधलं पेडल दाबून. आमच्या अपराइटला, म्हणजे उभ्या पियानोला, ते दाबलं की हातोड्या आणि तारांच्या मधे फेल्टची पट्टी उतरते. स्वर लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो आणि माईक जवळ असला की स्वरापेक्षा बाकीचंच जास्त येतं: हातोडी मागे पडल्याची टकटक, स्टुलाची कुरकुर, माझं नाक. (नील्स फ्राम या जर्मन पियानोवाल्याने 'फेल्ट' हा अल्बम असाच केला, २०११ला, तोही शेजाऱ्यांपायी. त्याचं कुणी काढून टाकलं नाही.)

कळलंच नाही म्हणजे वाईट होतं, की इतकं चांगलं होतं? रात्रभर हेच. आईला ऐकवायचं राहिलं ते राहिलंच.

पहाटे एरिक साती आठवला, तो फ्रेंच संगीतकार. १९२० साली पॅरिसमध्ये त्याने नाटकाच्या मध्यंतरात 'फर्निचर संगीत' वाजवायला लावलं. खुर्ची-टेबलासारखं, असावं पण लक्ष जाऊ नये. तर लोक गप्प बसून ऐकायला लागले, आणि हा बिचारा 'बोला हो, फिरा, ऐकू नका' म्हणत हिंडतोय. असलं दुःख मला का नाही मिळत?

पुढे १९२४ला 'रलाश' या बॅलेच्या मध्यंतरात दाखवायच्या छोट्या चित्रपटालाही त्यानेच संगीत दिलं. सगळे चिमुकले तुकडे, तेच ते पुन्हा. चित्र लांबलं तर आणखी चार वेळा वाजवा, आटोपलं तर थांबा. कमीजास्त होणार हे धरूनच लिहिलेलं. मी मात्र चाळीस सेकंदांना सुरुवात, मध्य, शेवट असं सगळं देऊन बसलो. हौस, दुसरं काय.

आज हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. ती खिडकीपासून वळते तिथे एक बारीक 'ठप्' आहे. माझं पेडल, सोडतानाचं. दादाला फोन केला, चुकून राहिलंय का?

"छे, मुद्दाम ठेवलंय. फार सुंदर आवाज आहे रे तो."

तो जावा म्हणून महिनाभर पेडलला तेल घालतोय मी.