तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठ्याची नखी

"तुम्ही कोणती नखी वापरता? माझी एकतर अंगठ्यावर फिरते, नाहीतर अंगठा आवळते." गिटार किंवा बँजो बोटांनी वाजवणारे मला तार छेडायला अंगठ्यात घालायच्या नखीबद्दल (थंबपिक) हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तरात कंपनीचं नाव हवं असतं. माझं म्हणणं असं, की विकत घेतलेली नखी अर्धवटच तयार असते. तुमच्या अंगठ्याचा घेर आणि हाताची ठेवण बनवणाऱ्याला कुठून माहीत असणार? उरलेलं काम आपलं.

आधी कडं, म्हणजे अंगठ्याभोवती बसणारा भाग बघा, तार छेडणारं पातं नंतर. कडं नखाच्या मुळाशी, पेराच्या पुढे बसायला हवं. घालून पंधरा मिनिटं वाजवा. अंगठ्याचं टोक लाल-जांभळं झालं किंवा ठणकू लागलं तर ते घट्ट आहे. खर्जाच्या तारेवर जोरात आघात केल्यावर पातं बाजूला सरकलं तर सैल. उकाड्यात बोटं किंचित सुजतात, गारठ्यात आकसतात, त्यामुळे सकाळी नीट बसलेली नखी संध्याकाळी टोचू शकते. मी मापात थोड्या फरकाच्या दोन नख्या जवळ ठेवते.

आता उकळतं पाणी. सेल्युलॉइडची (हे एक प्रकारचं प्लास्टिक) नखी त्यात काही सेकंद धरली की मऊ पडते. चिमट्यानेच धरा. बाहेर काढून, हाताला सोसेल इतकी निवली की अंगठ्यावर बसवून हवी तशी दाबा आणि तशीच गार पाण्यात बुडवा. आकार कायम राहतो. मनासारखं झालं नाही तर पुन्हा गरम करा, त्यात काही बिघडत नाही. मेणबत्ती किंवा लायटर मात्र जवळसुद्धा आणू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. नायलॉन इतकी दाद देत नाही, वाकवलं तरी बरंचसं मूळ आकारावर परत येतं. म्हणून नायलॉनची नखी घ्यायची तर माप आधीच जुळलेलं हवं. धातूचं कडं पकडीने वाकवता येतं. मध्ये कापड धरा, म्हणजे ओरखडे उठत नाहीत.

कडं बसलं तरी घामाने घसरतं. व्हायोलिनच्या गजाला लावतात त्या राळेची चिमूटभर पूड कड्याच्या आतून चोळली की पकड येते.

सगळ्यात जास्त वेळ मी पात्याला देते. बाजारातली बहुतेक पाती माझ्या मते लांब असतात. लांब पातं तारेत खोल जातं, अडकतं आणि मग सोडवून घेताना सगळा हातच उचलला जातो. मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स या अमेरिकन गिटारवादकांच्या शैलीत तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी) टेकवून अंगठ्याने खर्जाचा ठेका सतत चालू ठेवायचा असतो. तिथे हात उचलला की ठेका गेलाच. पातं नेलफाइलने थोडं थोडं घासा आणि दर वेळी घालून वाजवून बघा, कारण घासलेलं परत जोडता येत नाही. टोक गोलसर ठेवलं तर खर्ज भरदार येतो, निमुळतं ठेवलं तर आवाज लख्ख आणि टोकदार. मला गोलसरच आवडतं. शेवटी 400, 1000 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. कड खडबडीत राहिली तर वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारांवर खरखर ऐकू येते.

एवढं करूनही खरखर राहिलीच, तर कोन तपासा. पात्याची सपाट बाजू तारेला समांतर भिडायला हवी. तिरकी भिडत असेल तर मनगट वाकडं करून वाजवू नका. नखी पुन्हा गरम पाण्यात धरा आणि पातंच किंचित पिळा.

नवी नखी घालून पहिले काही दिवस आघात चुकतील, मधलीच तार वाजेल. ठेका अगदी संथ ठेवा आणि फक्त अंगठाच वाजवा, बाकीची बोटं नंतर. अंगठा बधिर होऊ लागला तर मात्र सरावाच्या नावाखाली सोसू नका. नखी काढा आणि कडं थोडं सैल करून घ्या.